मार्चमधलं लिस्बन: चढ, पाऊस, ट्रॅम आणि आपल्याकडच्या खुणा (माहितीचा धागा)

दर्यावर्दी:
लिस्बनबद्दलचे प्रश्न चार धाग्यांवर विखुरलेत, म्हणून हा वेगळा काढतोय. विषय फक्त मार्चचा, म्हणजे तिथल्या वसंताच्या तोंडाचा. एप्रिल-मेची माहिती इथे सरसकट चालणार नाही.

आधी हवा. दुपारी १७-१८ अंश, पहाटे १०-११. आकडे सौम्य वाटतात, पण थंडी ओली असते आणि अटलांटिकचा वारा तिला धार लावतो. पाऊस समुद्रावरून पट्ट्यापट्ट्यांनी येतो: अर्धा-एक तास झोडपतो, मग लख्ख ऊन, मग परत ढग. त्यामुळे सकाळी खिडकीतून पाऊस दिसला म्हणून दिवसाचा बेत मोडू नका. एकाच भागातलं एक छपराखालचं आणि एक उघड्यावरचं ठिकाण अशा जोड्या लावून ठेवा, आणि आभाळ बघून क्रम ठरवा. छत्रीचा उपयोग नाही, नदीकडून येणारा वारा ती उलटी करतो. टोपीवालं पातळ वॉटरप्रूफ जॅकेट आणि आत स्वेटर, एवढं पुरतं.

बूट हा त्याहून मोठा विषय. पदपथ चुनखडीच्या हाताने बसवलेल्या बारक्या चिऱ्यांचे असतात (त्याला कालसादा म्हणतात). वर्षानुवर्षं पायांनी घासून ते गुळगुळीत झालेत. कोरडे असताना देखणे, ओले झाले की शेवाळलेल्या घाटाच्या पायरीसारखे. त्यात उतार. सपाट तळाचे फॅशनचे बूट आणि चामड्याचे तळवे घरी ठेवा, खोल खाचांचा मऊ रबरी तळ हवा. ट्रॅमचे ओले रूळ तिरके ओलांडू नका, काटकोनात ओलांडा.

घर किंवा हॉटेल ठरवताना तीन गोष्टी लेखी विचारा. कितवा मजला आणि लिफ्ट आहे का? खोलीत गरम हवेची सोय कोणती? जवळच्या मेट्रोपासून रस्ता चढाचा की सपाट? जुन्या घरांत सेंट्रल हीटिंग नसतं, भिंती दमट असतात, आणि मार्चमध्ये बाहेर ऊन असताना आत जास्त गार वाटतं. "पोर्टेबल हीटर आहे" हे उत्तर अर्धवट समजा. अनेक जुन्या घरांची मंजूर वीज ३.४५ केव्हीए, म्हणजे साधारण १५ अँपिअर असते. हीटर, इस्त्री आणि ओव्हन एकत्र लावलं की मेन पडतो. मेन कुठे आहे ते चावी घेतानाच विचारून घ्या.

शहराचा मुक्काम-कर वेगळा: माणशी रात्री ४ युरो, जास्तीत जास्त ७ रात्रींचा, १३ वर्षांखालच्यांना माफ. बुकिंगच्या रकमेत तो बहुतेकदा धरलेला नसतो.

मनीप्लांट:
उत्तम धागा, वाचनखूण साठवली. एक प्रश्न: सोबत सत्तरीपुढचे सासू-सासरे आहेत, दोघांचेही गुडघे बेताचे. आल्फामात, म्हणजे किल्ल्याखालच्या जुन्या वस्तीत, राहावं म्हणतात सगळे. झेपेल का?

नकाशेवाला:
मनीप्लांट, आल्फामात राहू नका, आल्फामा बघा. तिथल्या बऱ्याच गल्ल्या पायऱ्यांच्याच आहेत, टॅक्सी दारापर्यंत येत नाही आणि चाकांची बॅग चिऱ्यांवर ओढताना चाकं निखळतात. बाइशा म्हणजे १७५५ नंतर आखून बांधलेला सपाट भाग, किंवा आवेनिदा, साल्दान्याच्या बाजूला मेट्रोलगत राहा. बाइशा-शियादु स्थानकात मात्र शियादुकडे बाहेर पडायला एकावर एक लांबलचक सरकते जिने आहेत. त्यातला एखादा बंद असला की ज्येष्ठांची पंचाईत होते. त्यांना घेऊन बाइशाच्याच बाजूने बाहेर पडा.

टेकडीवरच्या साँव जोर्जच्या किल्ल्याकडे जायला फुकट लिफ्ट आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. पहिली रुआ दुश फान्केरुशवरच्या इमारतीत, ती वरच्या रुआ दा मादालेनावर सोडते. समोर थोडं चाललं की शांव दु लोरेरूचा वाहनतळ, ज्याच्या तळाला सुपरमार्केट आहे. त्याची लिफ्ट कोश्ता दु काश्तेलूच्या रस्त्यावर काढते. तिथून किल्ल्याचं दार दहाएक मिनिटं, पण चढाचंच. वर जायचं यंत्राने आणि खाली यायचं रमतगमत पायी, असं ठेवा.

शमीपत्र:
नकाशेवाला, चढायचं ठीक, पण बेताच्या गुडघ्यांना उतारच जास्त छळतो, तोही ओल्या चिऱ्यांवर! त्यांना प्रासा दा फिगेराहून ७३७ नंबरच्या छोट्या बसने किल्ल्यापर्यंत न्या आणि त्याच बसने खाली आणा. किल्ल्याच्या तटावर अरुंद पायऱ्या आहेत, कठडा सगळीकडे नाही. ज्येष्ठांनी खालच्या अंगणात बसून नदी बघावी, मोर बघावेत, तरुणांनी तट चढावा. १ मार्चपासून किल्ला रात्री ९ पर्यंत उघडा असतो (फेब्रुवारीअखेर ६ पर्यंतच). सूर्यास्त मार्चच्या सुरुवातीला साडेसहाच्या सुमारास, म्हणून साडेचार-पाचला आत शिरलं की उजेड आणि संध्याकाळ दोन्ही मिळतात.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात. त्याच दिवशी परतीचं विमान असेल तर सावध. भारताशी अंतरही साडेपाच तासांवरून साडेचारवर येतं.

पेठेतला:
तिकिटांचं कोणी सांगेल का? पास घ्यावा की सुटी तिकिटं? प्रत्येक व्हिडिओत वेगळंच सांगतात.

दर्यावर्दी:
पेठेतला, मेट्रोच्या यंत्रावर असं करा. भाषा बदला, "नवेगांते ओकाझियोनाल" हे कागदी कार्ड निवडा. कार्डाचे ५० सेंट वेगळे. प्रत्येकाला स्वतंत्र कार्ड लागतं, एकाच कार्डावर चौघं जात नाहीत. मग त्यात काय भरायचं ते विचारतं.

"झॅपिंग" म्हणजे पैसे भरून ठेवायचे, दर फेरीला कापले जातात. हे मेट्रो, ट्रॅम, बस, नदीवरची फेरीबोट आणि जवळच्या सिंत्रा-काश्काइश गावांच्या लोकल, सगळीकडे चालतं. दुसरा पर्याय २४ तासांचा पास, सुमारे ७ युरो. तो पहिल्यांदा टेकवल्यापासून २४ तास मोजतो, म्हणून दुपारी सुरू केला तर दुसऱ्या दिवशी सकाळीही उपयोगी पडतो. पण साधा ७ युरोवाला पास लोकल गाडीला चालत नाही.

लोक अडकतात ते इथे: एका कार्डावर एका वेळी एकच प्रकार राहतो. झॅपिंगचे दोन युरो शिल्लक असलेल्या कार्डावर यंत्र पास भरू देत नाही, आणि मागे रांग खोळंबते. सरळ दुसरं कार्ड घ्या, ५० सेंटच जातात. कुठलं कशाचं ते पेनाने लिहून ठेवा, दिसायला सारखीच असतात. मेट्रोतून बाहेर पडतानाही कार्ड टेकवावं लागतं, टाकून देऊ नका.

मेट्रोच्या फाटकावर बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्डही चालतं. ट्रॅममध्ये चालकाकडून रोख तिकीट घेतलं तर तीन युरोच्या वर, म्हणजे झॅपिंगच्या जवळजवळ दुप्पट.

विमानतळाहून मेट्रोची लाल लाइन शहरात येते, पहाटे साडेसहा ते रात्री एक. परतताना स्वस्त विमान कंपनी असेल तर टर्मिनल २ बघा. ते फक्त सुटणाऱ्या विमानांचं आहे आणि मेट्रोपासून लांब. टर्मिनल १ वरून फुकट बस जाते, तिची वीस मिनिटं धरून निघा.

कोकमसरबत:
२८ नंबरच्या ट्रॅमबद्दल स्पष्ट लिहा प्लीज. सगळे म्हणतात बसलंच पाहिजे.

नकाशेवाला:
बसलंच पाहिजे असं काही नाही. १९३० च्या दशकातल्या लाकडी गाड्या आहेत, बसायला जेमतेम वीस जागा. मार्तीं मुनीशच्या टोकाला रांग तासभर सरकत नाही, आणि आत उभं राहिलं तर खिडकीतून फक्त पुढच्याची बगल दिसते. पाकीटमारांची ही आवडती गाडी. दाराशी मुद्दाम कोंडी करतात, एकजण पत्ता विचारतो, दुसरा चेन उघडतो.

दर्यावर्दी:
एवढंही तोडू नका. वेळ आणि टोक बदललं की तीच गाडी छान. काम्पु दी ओरिकच्या बाजूला प्राझेरेश हे दुसरं टोक आहे, तिथून सकाळी आठच्या आत चढा. उजवीकडच्या खिडकीचा हट्ट नको, मिळेल तिथे बसा. ग्रासा आणि आल्फामाच्या वळणांवर गाडी भिंतीला इतकी खेटून जाते की हात बाहेर काढायचा नाही, हे लहान मुलांना बजावा. फक्त जुनी ट्रॅम हवी असेल तर २४ नंबर घ्या, कामोंइश चौकातून काम्पोलीदला जाते. गाड्या त्याच, गर्दी निम्मीही नाही.

ग्लोरियाची तिरकी केबल-गाडी मात्र यादीतून काढा. ३ सप्टेंबर २०२५ ला तिला भीषण अपघात होऊन १६ माणसं गेली. त्यानंतर बाकीच्या केबल-गाड्याही तपासणीसाठी थांबवल्या होत्या. निघण्याआधी काऱ्रिश या ट्रॅम-बस कंपनीच्या संकेतस्थळावर ताजी स्थिती बघा. सांता जुश्ताची लोखंडी लिफ्ट चालू असली तरी तिच्या रांगेत पाऊण तास घालवण्यापेक्षा कार्मूच्या चौकात चालत जा, तिच्या माथ्याशी तिथूनच पोचता येतं.

अर्धाकप:
कार्मूचा विषय निघालाच आहे तर १७५५ बद्दल. १ नोव्हेंबर, सर्व संतांचा सण, सकाळी साडेनऊच्या सुमाराला भूकंप झाला तेव्हा चर्च भरलेली आणि मेणबत्त्या पेटलेल्या. भूकंपाने पडलं त्याहून जास्त पुढच्या आगीने खाल्लं, आणि मधल्या वेळात नदीतून सुनामी आली. कार्मूचं चर्च तसंच ठेवलंय: कमानी आहेत, छप्पर नाही. मार्चमध्ये याचा व्यावहारिक अर्थ असा की आत शिरूनही तुम्ही भिजता! वेदीकडच्या टोकाला छोटं पुरातत्त्व संग्रहालय आहे, तेवढंच छपराखाली. रविवारी बंद.

त्यानंतर खाली बाइशात या. राजाचा मंत्री मार्केश दी पोंबाल याच्या अमलाखाली बांधलेल्या या इमारतींच्या भिंतीत लाकडाचा सांगाडा आहे, उभ्या-आडव्या वाशांना फुलीसारखे तिरपे वासे जोडलेला. त्याला 'गायोला' म्हणजे पिंजरा म्हणतात. दगडी भिंत हलताना फुटते, लाकूड वाकून परत येतं, आणि दर्शनी भिंत पडली तरी मजले पिंजऱ्यावर तोलून राहावेत ही कल्पना. बाहेरून काहीच दिसत नाही. बघायचंच असेल तर रुआ दुश कुर्रेरुशवर एका बँकेच्या तळघरात उत्खनन आहे, मार्गदर्शकासह फेरी फुकट, नाव आधी नोंदवावं लागतं. खाली रोमन काळातले मासे खारवायचे हौद आणि त्यांच्यावरून गेलेला पोंबालकाळाचा पाया, दोन्ही एका नजरेत येतात. पायाखाली पाइनचे खुंट पाणथळ गाळात ठोकलेत. पाण्यात बुडालेले आहेत तोवर कुजत नाहीत, भूजल उतरलं की धोका.

रुआ दा प्रातच्या खालची रोमन भुयारं मात्र मार्चमध्ये दिसत नाहीत. ती वर्षातून मोजकेच दिवस, पाणी उपसून उघडतात.

रॉसियू चौकात आलात तर साँव दुमिंगुश चर्चमध्ये पाच मिनिटं जा. १९५९ च्या आगीत भाजलेले खांब तसेच ठेवलेत. एप्रिल १५०६ मध्ये बाटून ख्रिस्ती झालेल्या ज्यूंची कत्तल इथूनच सुरू झाली. बाहेर स्मारक आहे. शेजारच्या राष्ट्रीय नाट्यगृहाच्या जागी इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, वाडा होता. गोव्यातलं इन्क्विझिशन १५६० चं, त्याची मुळं या चौकात आहेत.

मनीप्लांट:
सासरे इतिहासाचे शिक्षक होते. वसई, गोवा, मुंबई यांच्याशी जोडलेलं नेमकं काय काय दाखवता येईल?

अर्धाकप:
मग त्यांना आधी साँव व्हिसेंत दी फोराच्या मठात न्या. ब्रागांझा या पोर्तुगीज राजघराण्याच्या दफनगृहात कॅथरीन ऑफ ब्रागांझा आहे. १६६१ च्या तहात जिच्या हुंड्यात मुंबई इंग्रजांना गेली ती हीच. नवऱ्याच्या, म्हणजे इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सच्या मृत्यूनंतर ती लिस्बनला परतली आणि १७०५ मध्ये वारली. मुंबईकर पर्यटक शहराच्या पश्चिमेला नदीकाठच्या बेलेंला रांग लावतात आणि इथे फिरकत नाहीत, हे अजबच. गच्चीवरून नदीचा देखावा आहे आणि तिथे रांग नसते.

बेलेंला जेरोनिमुश मठ. सोमवारी बंद. दोन वेगळ्या रांगा आहेत हे कुणी सांगत नाही: चर्च फुकट आणि त्याची रांग निराळी, मठाच्या आतल्या अंगणाला १८ युरो आणि वेळेचं तिकीट. फक्त वास्को द गामाची कबर बघायची असेल तर चर्च पुरे. आत शिरल्यावर डावीकडे तो, उजवीकडे कवी कामोंइश. गामा १५२४ मध्ये कोचीला मेला, अवशेष नंतर इकडे आणले. आजची कोरीव कबर एकोणिसाव्या शतकातली आहे. जवळच बेलेंच्या राजवाड्यासमोरच्या चौकातल्या खांबावर आफोंसु द आल्बुकेर्क उभा आहे, १५१० ला गोवा घेणारा. त्याच्या मुलाने बांधलेलं टोकदार दगडांचं घर, काझा दुश बिकुश (१५२३), आल्फामाच्या पायथ्याशी आहे.

बेलेंच्या बुरुजावर एक गंमत शोधा. गुजरातच्या सुलतानाने आल्बुकेर्कला पाठवलेला गेंडा त्याने पुढे राजाला धाडला, तो मे १५१५ मध्ये लिस्बनला उतरला. बुरुज तेव्हा बांधणं चालू होतं. पश्चिमेकडच्या एका छोट्या टेहळणी-मनोऱ्याच्या बुडाशी त्याचं डोकं कोरलंय. शिंग झिजून गेलंय, दुर्बीण किंवा झूम लागेल. २०२५ पासून बुरुज दुरुस्तीसाठी बंद ठेवला होता, आत जाता येतं का ते आधी तपासा. गेंडा बाहेरूनच बघायचा आहे.

वसईसाठी वेगळी वास्तू नाही. १५३४ चा गुजरातच्या बहादूरशाहाचा तह आणि १७३९ चा चिमाजी आप्पांचा विजय, या मधली दोनशे वर्षं कागदांत आणि सामानात आहेत. कागद तोर्रे दु तोंबु या राष्ट्रीय अभिलेखागारात, ते अभ्यासकांचं काम. सामान बघायचं तर आल्कांतराचं म्युझेउ दु ओरियेंत, जुन्या खारवलेल्या कॉड माशांच्या गोदामात आहे, आणि जानेलश व्हेर्देशचं प्राचीन कलेचं संग्रहालय. हस्तिदंताचं जडावकाम केलेल्या पेट्या आणि हस्तिदंती संत बघताना आपल्या बाजूच्या कारागिरांचा हात लगेच ओळखू येतो. दोन्ही पावसाच्या दिवसासाठी राखून ठेवा, दोन्ही सोमवारी बंद.

कोकमसरबत:
अवांतर: टाइल्स कुठून घ्याव्यात? जुन्या बाजाराचं ऐकलंय.

शमीपत्र:
फेरा दा लाद्रा, मंगळवारी आणि शनिवारी, साँव व्हिसेंतच्या मागेच. बाजार बघायला मस्त, पण तिथल्या सुट्या जुन्या टाइल्स घेऊ नका. इमारतींच्या दर्शनी भिंतींवरून रात्रीतून उपटलेल्या असू शकतात. मागच्या बाजूला चुन्याचा ताजा तुटका थर आणि कडांना टवके दिसले तर समजा. नव्या, हाताने रंगवलेल्या टाइल्स कार्यशाळांच्या दुकानात मिळतात. टाइलचं राष्ट्रीय संग्रहालय उघडं आहे का ते आधी बघा, सध्या तिथल्या अनेक संग्रहालयांची दुरुस्ती आलटून पालटून चालू आहे.

पेठेतला:
शाकाहाराचं काय? आमच्याकडे अंडंही चालत नाही.

शमीपत्र:
अंडं नको असेल तर पाश्तेल दी नाता बाद, त्याचं सारणच अंड्याच्या बलकाचं. खाणाऱ्यांनी वर दालचिनी आणि पिठीसाखर भुरभुरून गरम खावं. बेलेंचं १८३७ पासूनचं दुकान प्रसिद्ध आहे. बाहेरची लांब रांग पार्सलची असते, आतल्या दालनात बसायला बहुधा लवकर जागा मिळते.

जेवणात खरी गोम "मांस नको" या शब्दांत आहे. "सें कार्न" म्हटलं की मासा येतो, आणि डुकराच्या मांसाचे तुकडे कित्येकांच्या लेखी मसाल्यात जमा. "सें कार्न, सें पैश, सें शोरीसु" असं तिन्ही म्हणा. काल्दु व्हेर्द हे बटाटा-पालेभाजीचं सूप वर सॉसेजची चकती टाकून येतं, आणि नुसती चकती काढली तरी रस्सा तोच. साधं "सोपा दी लेगूमेश" विचारा.

टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज ठेवतात ते फुकट नसतं. हात लावला की बिलात. नको असेल तर लगेच परत द्या, कोणी वाईट वाटून घेत नाही. दुपारचं जेवण साडेबारा ते तीन, रात्रीचं साडेसातनंतर. मधे मुदपाकखाना बंद. मुलं असतील तर काहीतरी जवळ ठेवा.

तूरडाळ, कणीक, हिरव्या मिरच्या मार्तीं मुनीशजवळच्या रुआ दु बेंफोर्मोझूवर. लुमियारला हिंदू समाजाचं राधाकृष्ण मंदिर आहे, मुख्यतः मोझांबिकहून आलेल्या गुजराती मंडळींचं. तिथे शाकाहारी जेवण मिळतं, जायच्या आधी वेळ विचारून घ्या.

नकाशेवाला:
सिंत्राबद्दल थोडक्यात. रॉसियूहून लोकल, चाळीस मिनिटं. लिस्बनला ऊन असलं तरी सिंत्राच्या डोंगरावर ढग अडकतात, म्हणून दिवस आधी पक्का करू नका, आदल्या रात्री वेबकॅम बघून ठरवा. तिथल्या 'पेना' राजवाड्याचं तिकीट मात्र वेळेचं असतं आणि चूक हमखास इथेच होते: छापलेली वेळ राजवाड्याच्या दाराची असते, बागेच्या फाटकाची नाही. फाटकापासून वर चढायला अर्धा तास लागतो. स्थानकाहून ४३४ बस, तिलाही रांग. म्हणजे ११ च्या तिकिटासाठी लिस्बनहून साडेआठच्या आसपासची गाडी धरा. उशीर झाला तर आत घेत नाहीत.

काबु दा रोका, म्हणजे मुख्य भूमीवरच्या युरोपचं पश्चिमेकडचं टोक, सुमारे १४० मीटर उंचीचा कडा. कुंपणापलीकडे फोटोसाठी जायचं नाही. काश्काइशच्या खडकांवरही तेच: अटलांटिकच्या लाटा दहा मिनिटं शांत राहून मग तीन-चार मोठ्या एकदम येतात. ओला काळा खडक दिसला की लाट तिथवर येते असं धरा. पाणी १४-१५ अंश, जीवरक्षक मार्चमध्ये नसतात, पोहायचा विषय नको.

कोकमसरबत:
आणि जांभळी झाडं? इन्स्टावर बघून ठेवलीयेत.

दर्यावर्दी:
तो जॅकरांडा, मेअखेर-जूनचा. मार्चच्या शेवटी 'ओलाया' फुलतो, बिनपानांच्या फांद्यांवर थेट खोडापासून गुलाबी-जांभळी फुलं. ते बघा, तेही सुरेख असतं.

सुटलेलं एक: मार्चमधल्या एका रविवारी अर्धमॅरेथॉन असते, '२५ एप्रिल' नावाच्या पुलावरून. त्या सकाळी पूल आणि बेलेंचा नदीकाठ वाहनांना बंद, १५ नंबरच्या ट्रॅमचा भरवसा नाही. बेलें त्या दिवशी ठेवू नका, सोमवारी तर नाहीच. ईस्टर मार्चअखेर येत असेल त्या वर्षी दर आणि गर्दी आठवडाभर आधीपासून चढतात.

पेठेतला:
व्हिसा किती आधी?

नकाशेवाला:
प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, किमान १५ दिवस आधी लागतो. मार्चसाठी डिसेंबरातच अपॉइंटमेंट शोधा. फी ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना निम्मी. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा. पासपोर्ट शेंगेनमधून (एकच व्हिसा चालणारे युरोपीय देश) निघाल्यानंतर तीन महिने चालू असायला हवा आणि दहा वर्षांपेक्षा जुना नको. मधला थांबा फ्रँकफुर्टसारखा शेंगेनमधला असेल तर इमिग्रेशन तिथेच होतं. आता ठसे आणि फोटो घ्यायची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने आलीये, रांगा वाढल्यात. दीड तासाचं कनेक्शन घेऊ नका, तीन तास ठेवा.